कोरंबचा पाऊस

माझ्या दुकानात येणारी माणसं घाईत असतात. प्रतिज्ञापत्र आत्ताच्या आत्ता हवं, दाखल्यावर नाव चुकलंय, साहेब जेवायला उठायच्या आत अर्ज द्यायचाय. साताऱ्यात कचेरीच्या रस्त्याला टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान टाकून मला वीसेक वर्षं झाली. एवढ्या वर्षांत "सावकाश करा ताई, घाई न्हाई" असं म्हणणारं गिऱ्हाईक एकच भेटलं, ते म्हणजे वीरकर काका. पहिल्या दिवशी मला वाटलं, चला, एक तरी शहाणा माणूस आला. पुढं कळलं की सगळ्यांत जास्त घाई यांनाच होती. यांची चाळीस माणसं पाण्यावाचून बसली होती.

काका जाऊन आता वर्ष होईल. त्यांच्याबद्दल लिहायला बसले तर पहिल्यांदा आठवतं ते त्यांचं साडेआठला उठून उभं राहणं. मी दुकान आठला उघडते. शनिवारी शटर वर करते तोवर काका पायरीवर हजर. मग झाडलोट होईपर्यंत बाकावर बसायचे आणि घड्याळात साडेआठ झाले की ताडकन उठायचे, दारात जायचे, आभाळाकडं बघायचे आणि खिशातल्या छोट्या वहीत काहीतरी लिहायचे. मध्येच बोलणं चाललेलं असो, चहाचा कप हातात असो, काही फरक नाही. चहा थंड व्हायचा. मी एकदा वैतागून म्हटलं, "काका, शाळेची घंटा झाली का?" तर म्हणाले, "तीस वर्षांची सवय हाय ताई. आता मेल्यावरच जायची."

काका पाटबंधारे खात्यात पाऊस मोजायला होते. सगळी नोकरी कोयनेच्या वरच्या अंगाला, घाटमाथ्यावर झाली. पाऊस मोजायचा म्हणजे नेमकं काय करायचं, ते मला तोवर ठाऊक नव्हतं. रोज सकाळी साडेआठला तारेच्या कुंपणात शिरायचं, नरसाळ्याखालची बाटली काढायची, पाणी काचेच्या मापात ओतायचं, आकडा बघायचा आणि नोंदवहीत लिहायचा. अंगात ताप असला तरी जायचं, छपराचे पत्रे उडाले असले तरी जायचं. ज्या दिवशी पडलाच नाही त्या दिवशी 'निरंक' लिहायचं. काकांना 'निरंक' या शब्दाचा फार अभिमान. म्हणायचे, "पडला न्हाई हे लिहायला बी मानूस जागचा हलावा लागतो."

पहिल्या दिवशी त्यांनी पिशवीतून सहा वह्या काढल्या, जाड दोनशे पानी. वर निळ्या शाईत लिहिलं होतं: 'निहाळ'. मला वाटलं गाव असेल कुठलं, आठवणी वगैरे असतील. निवृत्त माणसं आणतात तसलं काहीबाही. उघडून बघते तर पहिल्याच पानावर दोन चंद्र उगवलेले आणि डोंगराच्या कड्यावरून घोडी उडत निघालेली.

"हे काय काका?"

"माझ्या पोरानं लिवलंय. अमोलनं." मग जरा थांबून म्हणाले, "आता न्हाई त्यो."

अमोल त्यांचा एकुलता एक. कराडला डिप्लोमा झाला, शिरवळला एका कंपनीत लागला. चौघांत एक खोली घेऊन राहायचा आणि ड्युटी सुटली की वहीत हा देश लिहायचा. निहाळ नावाचा देश. मावळतीला समुद्र, मग हिरवी किनारपट्टी, मग दांडसर नावाचा उभा डोंगर आणि डोंगरापलीकडं कोरडं माळरान. कॅलेंडरची दोन पानं मागच्या बाजूनं चिकटवून त्यानं नकाशाही काढला होता. सुट्टीला घरी आला की तो वही बापापुढं ठेवायचा आणि म्हणायचा, "आबा, पाऊस तेवढा बघा."

आणि आबा बघायचे. लाल पेन घेऊन बघायचे. बापलेकांचं सगळं बोलणं या एकाच विषयावर. एरवी घरात दोघं मुके.

मी म्हटलं, "काका, ज्या देशात घोडी उडतात तिथं पाऊस कसाही पडू दे की. कोण विचारतंय?"

हे बोलले आणि फसले. काका दहा मिनिटं थांबलेच नाहीत. "घोडं उडू द्या. चंद्र दोन ठिवा, चार ठिवा, माझं काय जात न्हाई. पन ढग डोंगर चढला की रिकामा झालाच पायजे. देवाला लबाडी चालती, वाऱ्याला चालत न्हाई. आन समदी गोष्टच खोटी म्हणल्यावर एक तरी गोष्ट खरी नगं का, जिच्यावर माणसानं पाय ठिवावा?"

कुठल्याही गोष्टीला त्यांचा पहिला प्रश्न असायचा, "वारा कुठनं?" टीव्हीवर कुठली राजाराणीची मालिका लागली तर काका म्हणायचे, बाग एवढी हिरवी, मग नदी कुठाय? ह्यांच्या राजवाड्याला पाणी कोण घालतंय? आमचे हे फौजेतून निवृत्त झालेले, त्यांना असल्या गप्पा भलत्या आवडायच्या. शनिवारी मुद्दाम दुकानात येऊन बसायचे आणि काकांना खोचून विचारायचे, "वीरकर, समजा समुद्रच नाही एखाद्या देशाला, तर?" की झाली काकांची पेटी सुरू.

पण मूळ काम वेगळंच होतं. सहा वह्या टाइप करून घ्यायच्या आणि पुस्तकासारख्या बांधायच्या, एवढंच असतं तर मी महिन्या-दीड महिन्यात उरकलं असतं. सहावी वही अर्धीच होती. गोष्ट मध्येच थांबली होती, आणि ती नेमकी कुठं थांबली होती ते मी वाचलं आणि मग माझंही डोकं फिरलं.

तांबी नावाची एक पोरगी असते. डोंगरमाथ्यावरच्या राजानं नद्या अडवल्या म्हणून ती आपली चाळीस माणसं, एक म्हातारी आणि मेंढरांचा कळप घेऊन दांडसर ओलांडते आणि कोरंब नावाच्या जागी येते. कोरंबला एक तळं आहे, पण कोरडं. मागं फिरायची सोय नाही, पुढं जायला पायांत बळ नाही. सगळी त्या तळ्याच्या भेगाळलेल्या मातीत बसतात. दोन दिवस जातात. मग अमोलनं एक वाक्य लिहिलं होतं, "तिसऱ्या दिवशी दुपारी उगवतीकडून ढग आले." त्या वाक्याच्या शेजारी समासात लाल शाईत बापाचा शेरा: "अशक्य. उगवतीला समुद्र नाही. वारा मावळतीचा. नकाशा पाहा." आणि ते वाक्य निळ्या शाईनं खोडलेलं. खाली काही नाही. उरलेली सगळी वही कोरी.

काकांनी हा शेरा दिला आणि त्यानंतर तीन महिन्यांनी अमोल शिरवळहून गाडीवर घरी येत असताना हायवेवर अपघातात गेला. त्या तीन महिन्यांत त्यानं पुढं एक अक्षर लिहिलं नव्हतं.

मी विचारलं, "खोडलेलं टाइप करायचं का?"

"नगं. खोडलंय नव्हं त्यानं. निळ्या पेनानं खोडलंय बघा, माझ्या न्हाई. सांगितलेलं ऐकायचा माझा पोरगा." हे सांगताना काकांच्या आवाजात अभिमान होता. मला तो अजून ऐकू येतो.

तर काकांना आता शेवट करायचा होता. त्या माणसांना पाणी मिळवून द्यायचं होतं आणि तेही खरं. हे खरं म्हणजे काय, ते त्यांचं ठरलेलं. अमोलनं काढलेल्या नकाशाला हात लावायचा नाही. डोंगर बुटका करायचा नाही, समुद्र सरकवायचा नाही. "ते त्यानं काढलंय. त्यात मी खाडाखोड करनार न्हाई." आणि त्या डोंगराच्या, त्या वाऱ्याच्या हिशेबात बसेल असाच पाऊस कोरंबला न्यायचा.

दर शनिवारी एक नवी तोड निघायची. एका शनिवारी म्हणाले, दांडसरला एक खिंड असंल, तिच्यातनं ढग घुसंल. मी खूश होऊन बोटं कीबोर्डवर ठेवली. पुढच्या शनिवारी आले ते मान हलवतच. नकाशात खिंड नव्हती. मग डोंगरावर बर्फ पडून ते वितळून येईल म्हणाले. डोंगर तेवढा उंच नव्हता. मग भूमिगत झरा. त्यालाही वरून पाणी मुरावं लागतं. एकदा तर मीच म्हटलं, "काका, उडत्या घोड्यांवरून पखाली आणा की." काका हसले, पण डोळे हसले नाहीत. म्हणाले, "चाळीस मानसं हायती ताई, वर मेंढरं. किती पखाली आनाल?" आणि खरोखर कागदावर मांडायला बसले.

त्यांच्या खिशातली ती छोटी वही एकदा त्यांनी मला दाखवली. मला वाटलं होतं, साताऱ्याचं आभाळ लिहीत असतील. बघते तर पानंच्या पानं निहाळची. रोजच्या तारखेला. 'किनारपट्टी: मध्यम. दांडसर, मावळत उतार: संततधार. दांडसर, उगवत उतार: भुरभुर. कोरंब: निरंक.' दुसऱ्या दिवशी, 'कोरंब: निरंक.' तिसऱ्या दिवशी, 'कोरंब: निरंक.' अमोल गेला त्याच्या तेराव्यापासून एक दिवस सुटला नव्हता.

मी घाबरले की मला राग येतो, तसा रागच आला. मी म्हटलं, "काका, वही तुमची, पेन तुमचं. लिहा की एक दिवस, पडला म्हणून! कोण येतंय तपासायला? मरू दे तो वारा!"

काकांनी वही मिटून खिशात ठेवली. मग अगदी हळू बोलले. "लिवता येईल की. पन मग त्यो काय म्हणंल, ताई? आबा, आता पाडताय, मग मला का न्हाई पाडू दिला?"

मी उठून उगाच कागदाचं बंडल फोडलं.

तेव्हापासून ती माणसं माझ्याही मागं लागली. खोटं नाही सांगत. मे महिन्यात दुपारी माठातून तांब्या भरून घेतला की ती म्हातारी दिसायची. तोंड सुकलेलं, मांडीवर कोकरू. कुणाच्या तरी जमिनीचा अर्ज टाइप करता करता मनात यायचं, अजून बसलीत तिथंच. मी घरी बोलले तर आमचे हे म्हणाले, "तू पण झालीस का वीरकर?" पण त्यांनीसुद्धा एकदा जेवताना मध्येच विचारलं, "मिळालं का गं त्यांना पाणी?"

असंच एका शनिवारी कराडच्या इंजिनिअरिंग कॉलेजातली एक मुलगी आली. तिलाही गोष्ट छापून हवी होती, स्पर्धेला पाठवायची होती. पोरगी बोलकी. तिच्या गोष्टीत बर्फाचं शहर होतं, बारा महिने बर्फ, आणि तटाच्या बाहेर लगेच वाळवंट. काकांचे कान टवकारले. मी डोळ्यांनी खुणावत होते, नका, नका. पण सवयीपुढं कोणाचं चालतं?

"वारा कुठनं?" काका म्हणाले.

"अं?"

"बर्फ पडतंय न्हवं बारा म्हैनं? मग शेजारी वाळवंट कसं ऱ्हाईल? आन मानसं खात्यात काय? बर्फात जोंधळा येतोय व्हय?"

पोरीचा चेहरा असा उतरला. कागद गोळा केले, "नंतर येते" म्हणाली आणि गेली. आणि काका पांढरेफटक पडले. आपण काय केलं ते त्यांच्या लक्षात आलं. पायांत चप्पल न घालता हा सत्तरीचा माणूस रस्त्यावर धावत सुटला. मी दुकान तसंच टाकून मागं. स्टँडवर कराडची गाडी सुटत होती. काका खिडकीखिडकीशी जाऊन ओरडत होते, "बाळ, बरोबर हाय तुझं! लिही तू! माझं ऐकू नगंस! ऐकतीस का? माझं ऐकू नगंस!" कंडक्टरनं घंटी मारली. ती पोरगी कुठल्या खिडकीत होती, तिनं ऐकलं की नाही, देव जाणे. गाडी गेल्यावर काका तिथंच फलाटावर खाली बसले. लोकांना वाटलं म्हाताऱ्याची गाडी चुकली. कुणीतरी पाणी आणून दिलं, ते त्यांनी घेतलं नाही. परत आल्यावर दिवसभर एकच म्हणत होते, "गेली लिवायची. माझ्यामुळं गेली." ती मुलगी पुढच्या आठवड्यात आली, गोष्ट छापून घेऊन गेली, बर्फ होतं तिथं ठेवून. मी काकांना सांगितलं तेव्हा त्यांनी हात जोडले. मला नव्हे, वर कुठंतरी.

काकूंना मी दीड वर्षात पाहिलंही नव्हतं. मी विचारलं होतं एकदा, काकूंना वाचून दाखवता का हे? तर म्हणाले, "तिला काय कळतंय त्यातलं? शाळेचं तोंड बघितलं न्हाई तिनं." मी म्हटलं, "शोभता हो नवरे!" त्यांनी ते मनावर घेतलं नाही.

मग एका शनिवारी काकूंचे डोळे दाखवायला दवाखान्यात जायचं होतं म्हणून ते त्यांना घेऊनच आले. काकू ठेंगण्या, हिरवं लुगडं, कपाळ भरून कुंकू. म्हसवडकडच्या, दुष्काळी मुलखातल्या. वीरकरही मूळचे तिकडचेच, मेंढरं राखणारं घर. पण काकांचे वडील काकांच्या लहानपणीच कळप मोडून धरणाच्या कामावर कोयनेला गेले आणि तिथलेच झाले. काका वाढले ते पावसातच. बायको तेवढी तिकडून आली.

काकू स्टुलावर बसल्या आणि काका मला त्या दिवशीची तोड सांगायला लागले. काहीतरी दवाबद्दल होतं, दव गोळा करायचं. सांगता सांगता स्वतःच म्हणाले, "न्हाई जमत. मेंढरं मरत्यात."

काकू म्हणाल्या, "कुठली मेंढरं वं?"

काका म्हणाले, "हाय काय तरी. तू बस."

मला काय वाटलं कोण जाणे. मी सहावी वही उघडली आणि काकूंना सगळं सांगितलं. तांबी, डोंगर, कोरडं तळं. आणि ते खोडलेलं वाक्यही वाचून दाखवलं, "तिसऱ्या दिवशी दुपारी उगवतीकडून ढग आले."

काकू ऐकत होत्या. म्हणाल्या, "मग आला की पाऊस. आडलंय कुठं?"

काका चिडले. "अगं, उगवतीला समुद्र न्हाई तितं! ढग येनार कुठनं? ह्यो नकाशा बघ."

काकू उठल्या. नकाशावर वाकल्या. काकांनी दाखवलं, हा समुद्र, हा डोंगर, हे कोरंब, हितं संपलं. काकूंनी कोरंबवर बोट ठेवलं आणि उगवतीकडं सरकवत नेलं. कागद संपला तरी बोट थांबलं नाही, माझ्या टेबलावरून पार कडेपर्यंत गेलं.

"कागूद हितं संपला," काकू म्हणाल्या, "म्हणून पलीकडं कायच न्हाई व्हय?"

काकांनी नकाशाची कड बोटानं चाचपली.

"आवं, म्हसवडच्या उगवतीला तरी कुठं समुद्र दिसतोय? येतोयच की मागला पाऊस. तुमच्या मावळतीच्या पावसाचा एक थेंब कवा आमच्यात आला न्हाई. दसरा जवळ आला, की दुपारनं उगवतीला काळं भरतंय आन येतंय तिकडनं चालत."

"त्यो परतीचा," काका पुटपुटले. "किरकोळ असतोय."

"तुमच्या बाटलीत किरकोळ. आमचा शाळू त्याच्यावरच येतोय." मग काकू माझ्याकडं वळल्या. "घाटावरच्या वल्यानं पोराला दम लागायचा, बाई. म्हणून सात वर्सं माझ्या आईपाशी ठिवला हुता त्येला. आई मेंढरं घेऊन माळाला जायची, ह्यो तिच्या मागं. पाऊस उगवतीकडनं येताना त्येनं बघितलाय. त्येनं बघितलेलंच लिवलंय हे."

दुकानात झेरॉक्स मशीनची घरघर तेवढी चालू होती. काका म्हणाले, "ताई, ती वळ परत वाचा."

मी वाचली.

"परत."

मी परत वाचली. काका वहीकडं बघत नव्हते. त्यांनी काकूंचा दंड धरला, उठले आणि दवाखान्याची वेळ झाली असं काहीतरी म्हणून निघून गेले. नकाशा माझ्या टेबलावरच राहिला.

पुढचे शनिवार काका आलेच नाहीत. मी पायरीकडं बघत शटर उघडायची. फोन केला तर बंद. मनात नको नको ते यायचं. शेवटी मीच सगळं टाइप करून पुरं केलं, सहाही वह्या, आणि ते खोडलेलं वाक्य न विचारता गोष्टीत घातलं. समासातला लाल शेरा गाळला. म्हटलं, म्हाताऱ्याला आणखी किती डागायचं. चार प्रती बांधून घेतल्या. आणि नवरात्राच्या आधी काकूंच्या भाच्याचा फोन आला. दोघं म्हसवडजवळ काकूंच्या माहेरी राहायला गेली होती. "मामा म्हणत्यात, जमलं तर पुस्तक घेऊन या."

दसरा झाल्यावर मी गेले. दहिवडीवरून एसटी, पुढं भाच्याची गाडी. वस्तीवर दोन खोल्यांचं घर, पुढं माळ. काका अंगणात रस्त्याकडं पाठ करून खुर्चीवर बसले होते, तोंड उगवतीला. निम्मे झाले होते. मला बघून उठायला गेले, मी बसवलं.

पुस्तक हातात दिलं. त्यांनी अमोलच्या नावावरून हात फिरवला आणि थेट शेवटचं पान काढलं. वाचलं. मग समास बघितला.

"माझं कुठाय?"

"काढलं, काका. कशाला ते..."

"घाला." आवाज जुना, खात्यातला. "हाय तसं घाला. लोकास्नी कळू द्या पाऊस कुनी आडवला त्यो."

मी बरं म्हटलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते लपवलं नाही.

काका सांगायला लागले. यंदा चारदा आला. पहिल्यांदा आला तेव्हा ते माळावर उभे होते, उगवतीकडनं पडदा आल्यासारखा आला. "तीस वर्सं मोजला ताई, पन येताना कुठनं येतोय, हे मान वळवून बघितलं न्हाई. त्यो पोरवयातच बघून बसला हुता." रोजची वही कुठं आहे, ते मी विचारलं नाही.

दुपार कलली तसं माळाच्या पलीकडं काळं भरायला लागलं. वारा पडला. मेंढरं आपोआप गोळा झाली. भाचा म्हणाला, आत्या, कडबा झाका. मी आणि काकू वळचणीला गेलो. पहिले थेंब आले तेव्हा धुरळ्याचा वास उठला. काका खुर्चीतून हलले नाहीत. पुस्तक त्यांनी सदऱ्याच्या आत घातलं होतं.

"आवं, भिजताय!" काकू ओरडल्या.

काका वळले नाहीत. पावसाच्या आवाजात मोठ्यांदा बोलले, आम्हाला की कुणाला ते कळलं नाही. "उडत्या घोड्यांवरनं माझ्याशी दोन दीस भांडून मला गप केलं हुतं त्यानं. चंद्रांवरनं भांडला. ह्या पावसावरनं एक सबूद बोलला न्हाई. डोळ्यानं बघितला हुता, तर भांडला का न्हाई माझ्याशी? गपचिप खोडला कशापायी?"

काकू वळचणीच्या खांबाला धरून उभ्या होत्या. त्यांनी आवाज चढवला नाही, पण काकांना ऐकू गेलं असावं, कारण त्यांची मान खाली गेली.

"त्येला वाटायचं," काकू म्हणाल्या, "आबाला पाऊस कळतोय."

मला शेवटची एसटी गाठायची होती. पाऊस जरा कमी झाल्यावर भाच्यानं गाडी काढली. वळणावर मी मागं बघितलं. काका तसेच बसले होते, आणि काकू भिजत जाऊन त्यांच्या शेजारी उभ्या राहिल्या होत्या.